पान धरलेला हात

आमच्या गावच्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकीही त्यात आहेत. दिवाळी झाल्यावर तिथं एक खेळ निघाला. रोज सकाळी एक विषय यायचा आणि त्यावर जिनं तिनं मोबाईलमधला जुना फोटो टाकायचा. नवा काढायचा नाही, एवढाच नियम. नंबर नाही, बक्षीस नाही.

मी ग्रुपवर कधी काही टाकत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायला घेतलं की चुकेल असं वाटतं. चारचौघींत बोलायचीही मला लाज. पण बघते सगळं. कांद्याची लागवड चालू होती. दिवसभर वाकून कंबर धरायची. दुपारी भाकरी खायला बांधावर बसलं की मी फोटो बघायची, तेवढाच विरंगुळा.

एक दिवस विषय आला, ‘हिरवा’. कुणी लग्नातला शालू टाकला, कुणी माळशेज घाटातला डोंगर, कुणी पोरीच्या हातातला चुडा. मीही माझे जुने फोटो उघडले. त्यात माणसं जवळजवळ नव्हतीच. सगळी रोगट पानं. टोमॅटोवर, मिरचीवर काही पडलं की पानाचा फोटो काढायचा आणि आमच्या ह्यांनी तो औषधाच्या दुकानात दाखवून फवारणीचं औषध आणायचं. आमच्याकडं सगळेच असं करतात.

त्यातल्या एका फोटोवर मी थांबले. टोमॅटोचं पान, त्यावर नागअळीच्या पांढऱ्या रेघोट्या. आणि ते पान धरलेला सासूबाईंचा हात. मनगटावर हिरवं गोंदण, तुळशीवृंदावनाचं, कडेनं पुसट झालेलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या चेहऱ्याचा फोटो घरात एकच, आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात त्या घाबरल्यासारख्या दिसतात. हा हात मात्र त्यांचाच होता.

तो फोटो काढताना मी सासूबाईंना म्हणाले होते, “आत्या, जरा वर बघा की, तुमचा बी येईल.”

त्या म्हणाल्या, “माझ्या तोंडाला काय रोग पडलाय? पानाचा काढ.”

वाटलं, हा हात आणखी कुणीतरी बघावा. मी एकटीच किती दिवस बघत बसू? टाकला. खाली काही लिहिलं नाही.

ग्रुप एकदम जागा झाला.

“नागअळी हाय. निंबोळी अर्क मार.”

“लई पसरली आसंल तर खालची पानं खुडून टाक आधी.”

“थांब, आमच्या ह्यांना इचारते.”

“बाई पयल्यांदा बोलली, ती बी अळी घिऊन!”

त्यावर हसरी तोंडं. कुणी वाईट बोललं नाही. उलट काळजीनंच सांगत होत्या. दुसरीनं टाकला असता तर मीही हेच केलं असतं. पान दिसलं की आमची नजर रोगावरच जाते. पण मला एकदम थकवा आला. आता हे सांगायचं कसं, आणि लिहायचं कसं? फोटो पुसून टाकावा म्हणून त्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. ओतूरहून थोरल्या नणंदेचा.

त्या म्हणाल्या, “वहिनी, आईचा हात हाय ना ह्यो?”

“व्हय, ताई.”

“तोंड न्हाई आलं?”

“न्हाई. नको म्हणाल्या.”

“तिचं आसंच.” नाक ओढल्याचा आवाज आला. “आजून हायेत का गं?”

“बघते.”

कांदा लावणाऱ्या बाया पुन्हा वाफ्यात उतरल्या होत्या, मला हाका मारत होत्या. मी आणखी थोडी बसले. फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडले. करपा, भुरी, मावा. या वेळी पानं सोडून दिली आणि नुसत्या कडा बघत गेले. कुठं अंगठा, कुठं लुगड्याचा काठ. एका फोटोत सरीतल्या मातीवर पडलेली त्यांची सावली. एकेक करून नणंदेला पाठवले. ग्रुपवर अजून औषधांची नावं येतच होती.