उलटी गाडीमुळे नव्हती

मंडळी, आज रागातच लिहितेय. मी इथे नाशकात कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे.

आज दुपारी दिंडोरीकडचा एक जण बायकोला जीपमधून घेऊन आला. द्राक्षांचे क्रेट चढवताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती. डोक्याला टेंगूळ आलेलं, पण शुद्धीवर होती.

डोकं आपटलेल्या प्रत्येकाचा मी सीटी स्कॅन करत नाही. आधी चार प्रश्न विचारते, मग ठरवते. तिला विचारलं, "पडल्यावर उलटी झाली का?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "नाय मॅडम."

"मी यांना विचारतेय. चक्कर आली का?"

पुन्हा तोच. "नाय हो. लय काटक हाय ती."

तेवढ्यात तिला माझ्यासमोरच भडाभडा उलटी झाली. तर हा म्हणतो, "जीपमध्ये पण दोनदा झाली. तिला गाडी लागती."

मी त्याला आधी बाहेर काढलं. मग तिला विचारलं, "ताई, तुम्हाला गाडी लागते?"

"कधीच नाय," ती हळूच म्हणाली. "पण ते बोलत व्हते ना."

स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साकळलेलं दिसलं. आत्ता तिचं ऑपरेशन चालू आहे. त्याच्या 'नाय'वर विसंबून मी तिला घरी पाठवलं असतं तर?

मार तिच्या डोक्याला लागला होता, तोंडाला नाही. तुमच्या घरातल्या बाईला डॉक्टर काही विचारतात, तेव्हा उत्तर कोण देतं?