पंचवीस रुपयांत समुद्र नव्हता

सन १९२८, श्रावणातला शेवटचा रविवार. आमच्या वाचनालयाच्या मंडळाची बैठक, हजर सात सभासद, विषय पंचवीस रुपयांच्या चित्राचा. विसू गेल्याची बातमी गेल्या पौषात आली, तेव्हा मला आधी त्याचा चेहरा आठवला नाही, ही बैठक आठवली. कारण तिथले शेवटचे मत माझे होते, आणि त्या मताने विसूचा हात कायमचा थांबला असे मी नऊ वर्षे धरून चाललो होतो.

विसू हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. आम्ही बरोबरीचे, मी कचेरीत कारकून आणि वाचनालयाचा चिटणीस. दिवाणखान्यातल्या मोकळ्या भिंतीसाठी समुद्रकिनाऱ्याचे दृश्य काढून घ्यावे असा ठराव मीच लिहिला होता. विसूने आणले ते तीन फूट बाय दोन फूट चित्र : खाली चिऱ्याच्या खाणीसारखा लाल, वर काळा, आणि मधून तिरका गेलेला पांढरा पट्टा. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. आठ दिवस ते भिंतीवर ठेवून पाहायचे ठरले आणि वाचनालयात वर्तमानपत्र कोणी वाचीना. कोणी म्हणे वणवा आहे, कोणी म्हणे मास्तरांचे डोळे आले असावेत. मांडवी बंदरातला, होडी हाकणारा एक तांडेल, ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, तो मात्र दोनदा येऊन उभा राहिला. "वारा फिरायच्या आधी दर्या असाच व्हतो," एवढेच बोलून गेला. एरवी वाचनालयाच्या हजेरीवहीत रोज चाळीस सह्या व्हायच्या, त्या आठवड्यात सत्तरच्या खाली एकही दिवस गेला नाही. तो आकडा माझ्याजवळ होता. बैठकीत मी तो सांगितला नाही, गोंगाट वाढल्याची तक्रार तेवढी वाचून दाखवली...

बैठकीत तात्या बागाईतदार हात जोडून म्हणाले, "अहो मास्तर, पंचवीस रुपयांत एक माड तरी यायला हवा होता की नाही? माझ्या बागेतला उपटून देतो, लावा हवा तर!" सगळे हसले, विसूही हसला. आमचे अध्यक्ष वकील. त्यांनी उलटतपासणीच घेतली. "हे चित्र कशाचे?" विसू म्हणाला, "कशाचे नाही. ते आहे, एवढेच." मते तीन विरुद्ध तीन झाली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी ठरावाचा कागद पुढे धरला आणि विचारले, "विसू, यात समुद्र आहे का?"

त्याने एकदा चित्राकडे पाहिले. "नाही रे आप्पा."

मी विरुद्ध मत दिले. विसूने चित्र उतरवले, धोतराच्या सोग्याने त्याची धूळ पुसली आणि ते काखेत घेऊन निघून गेला. पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा माझ्या पडवीत पान खायला आला. तो प्रत्येक रविवारी येत राहिला, पण चित्राचा विषय त्याने काढला नाही आणि मीही विचारला नाही. उत्तर काय येईल ते ठाऊक आहे असे मला वाटे.

विसूच्या चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, यमूवहिनींनी, मला बोलावून माळ्यावर नेले. तिथे आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून, त्यांवर रंगवलेली चित्रे भिंतीला टेकून उभी होती. लाल, काळी, राखी... एकातही माड नव्हता. मी ओळीने पाहत गेलो, आणि नऊ वर्षे छातीवर ठेवलेला चिरा कोणी उचलावा तसे झाले.

"म्हणजे हा थांबला नव्हता?"

"थांबतात कसले! त्या बैठकीहून आले ते हसतच आले. म्हणाले, आप्पाने खरे विचारले, मी खरे सांगितले, आता जन्मात समुद्र काढायला नको."

"मग मला दाखवली का नाहीत?"

"म्हणायचे, आप्पा मोजत बसेल."

तोवर मी मोजली होती. त्रेसष्ट होती.

"तुम्हाला कळतात ही, वहिनी?"

"भावोजी, मी खळे सारवते, तेव्हा बोटांनी काय मोर काढते? पण एक हात चुकला तर तो मला दिवसभर खुपतो. ह्या चित्रांत कुठे खुपत नाही, एवढे कळते."

फाल्गुनात पुन्हा बैठक झाली. ठराव मीच लिहिला : 'मास्तरांचे एक चित्र.' कशाचे, ते लिहिले नाही, आणि या वेळी सत्तर सह्यांचा आकडा आधी वाचला. तात्या म्हणाले, "माड मागत नाही हो आता. तो पांढरा पट्टा तेवढा सरळ करून मिळेल काय?" वकिलांनी त्यांना गप्प केले आणि मग स्वतःच अर्धा तास त्या पट्ट्यावर वाद घातला. ते जुनेच चित्र जुन्याच खिळ्यावर लागले आहे. रविवारी पान खाऊन मी आता तिकडे जातो. अजून मला त्यात काही दिसत नाही, पण उठवत नाही.

किंमत वाढवावी असे एक जण म्हणाला, पण वहिनींनी निरोप धाडला की ठरले होते तेवढेच द्या. पंचवीस रुपये त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.