गिरणीच्या माळ्यावरचा गोळीबार

जुने सहकारी भेटले की केलेल्या कामाबद्दल कुणीच बोलत नाही. आम्ही वर्षभर राबून जो गेम तयार केला, त्यातली प्रोग्रामची एक ओळही मला आज आठवत नाही. पण त्या वर्षात कोण काय बोललं ते शब्दन् शब्द पाठ आहे. काम विसरलं जातं आणि फजिती साठत जाते. मला विचाराल तर हे बरंच आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नगरजवळ केडगावात एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. काम असं, की बंदूक घेऊन खोल्याखोल्यांतून राक्षस मारत जायचा एक गेम, जो चालवताना चांगल्या कॉम्प्युटरलाही धाप लागायची, तो तळहातावर मावणाऱ्या कन्सोलमध्ये बसवायचा. कन्सोलचा स्क्रीन काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. रंग म्हणजे काळा, पांढरा आणि मधले दोन करडे. पुण्याच्या एका कंपनीनं हे काम आमच्या निमसे सरांना दिलं होतं. नमुना पास झाला तर पुढचे गेमही नगरलाच येणार, नाही तर आमचं दुकान बंद.

दुकान बंद होणं सरांना परवडणारं नव्हतं. ह्या कामापायी त्यांनी पॉलिटेक्निकमधली कायमची नोकरी सोडली होती, आणि तेच वडलांना सांगितलं नव्हतं! अण्णा म्हणजे झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांच्यासमोर सरांचा आवाजच फुटायचा नाही. सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून 'कॉलेजात' निघायचे आणि गिरणीवर यायचे. नमुना पास झाला की त्याच दिवशी सांगतो, असं आम्हाला दर सोमवारी सांगायचे.

*

खाली गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसायचं आणि वर आमचे तिन्ही कॉम्प्युटर बंद पडायचे. पहिल्या आठवड्यातलं निम्मं काम असंच उडालं. शेवटी सरांनी गिरणीवाल्या मामांशी तह केला. मोटर सुरू करण्याआधी मामांनी बांबूनं छताला दोनदा ठोकायचं. आम्ही वरून एकदा पाय आपटला तर मात्र मामांनी थांबायचं, कारण वर कंपाइल चालू आहे. म्हणजे आम्ही लिहिलेलं सगळं कन्सोलला पचेल असं करायचं काम कॉम्प्युटर करतोय. त्याला चांगला अर्धा तास लागायचा.

एकदा बाजरीचं दळण घेऊन आलेल्या एक मावशी खाली ताटकळून वैतागल्या आणि थेट जिना चढून वर आल्या. एवढा वेळ तुमचं काय दळतंय, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "गेम."

"बारीक का जाड?"

सरांनी काडेपेटीएवढ्या स्क्रीनकडे पाहिलं. "जमेल तेवढा बारीक."

"मग येळ लागंलच," म्हणून मावशी शांतपणे खाली जाऊन बसल्या. पुण्याच्या कंपनीला आमचा उशीर इतक्या सहज कधी पटला नाही.

*

चित्रं काढायला सरांनी भिंगारहून सोनवणे पेंटरांना आणलं. हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चौकटी आखून लहान चित्र मोठं करण्यात त्यांचा हात बसलेला. जो लहानाचं मोठं करतो तो मोठ्याचं लहानही करेल, असा सरांचा अंदाज, आणि तो खरा ठरला. पेंटर आलेखाच्या वहीत एकेक चौकट भरून राक्षस काढायचे, आम्ही ते बघून कॉम्प्युटरमध्ये ठिपके भरायचो.

अडचण एकच होती. मूळ गेममध्ये राक्षस सगळ्या बाजूंनी दिसतो, आणि पेंटर त्याची पाठ काढायला तयार होईनात!

"पाटीवरचा मानूस गिऱ्हाइकाकडं तोंड करून आसतो," ते म्हणाले. "पाठ दिसली की लोकांला वाटतं, दुकान बंद हाय."

सर चार दिवस समजावत होते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की पाठीची चित्रं नसल्यामुळे बरीच मेमरी वाचली आहे आणि इतके महिने न मावणारा गेम आता मावतोय. झालं! आमच्या गेममधले राक्षस पळून जातानाही तुमच्याकडे बघत, मागे-मागे सरकत पळायचे. तांत्रिक कारणामुळे असं केल्याचं आम्ही पुण्याला कळवलं. तेव्हापासून पेंटर घरी उशिरा गेले तरी तांत्रिक कारण सांगायला लागले.

*

गेम खेळून त्यातल्या चुका काढायला पेंटरांनीच त्यांच्या शेजारच्या गायकवाड हवालदारांना आणलं. ते लष्करातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी सकाळी दहाला त्यांच्या हातात कन्सोल दिला. जेवणाची वेळ झाली तरी हवालदार पहिल्याच दारासमोर उभे! बटण बिघडलं का, असं सरांनी घाबरत विचारलं. बटण ठीक आहे, पण आत किती जण आहेत ते कळल्याशिवाय दार उघडणार नाही, असं उत्तर मिळालं.

आमच्यातला दत्ता, हा कर्जतकडचा, प्रोग्रामिंगमध्ये आमच्या सगळ्यांचा बाप. तो म्हणाला, तीन जण आहेत, उघडा दार. हवालदारांनी दार उघडलं, तीन गोळ्यांत तिघांना आडवं केलं आणि तिथंच थांबून विचारलं, "चौथा कुठंय?"

चौथा नाहीच, असं दत्ता शपथेवर सांगू लागला. हवालदार म्हणाले, तीन कोपरे राखणारा माणूस चौथा मोकळा सोडत नसतो. दत्तानं नकाशा उघडून पाहिला. चौथा राक्षस त्याच्याच चुकीनं भिंतीत अडकून पडला होता.

*

आता हा दत्ताचा किस्सा. लांबलचक बोळ समोर आला की कन्सोल अगदी रडत-रखडत चालायचा. एवढं लांबचं चित्र काढणं त्याला झेपत नव्हतं. आम्ही सगळे आकडेमोड करून दमलो. दत्ता खिडकीतून बाहेर बघत बसला होता. एकदम म्हणाला, "घान्याच्या बैलाला झापड लावत्यात, तसं करू का?"

दुसऱ्या दिवशी स्क्रीनभोवती जाड काळी चौकट आली आणि चित्र तिच्या आत आक्रसलं. जेवढं कमी दिसणार तेवढं कमी काढायचं. गेम धावायलाच लागला! वेग कसा वाढवला हे कंपनीच्या फॉर्मवर लिहायचं होतं, तिथं सरांनी इंग्रजीत 'झापड मेथड' असं लिहून टाकलं. आठ दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. आमच्या इंजिनिअरांना ही पद्धत कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, कृपया संदर्भ पाठवावा.

दत्ता म्हणाला, "कर्जतला या म्हनावं. दावतो."

*

एकदा मी आणि दत्ता एसटी स्टँडवर उभे असताना समोरून अण्णा आले. सरांनी एका लग्नात आमची ओळख 'माझे विद्यार्थी' अशी करून दिली होती. अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं, सध्या सर काय शिकवतायत? मी काही बोलायच्या आत दत्तानं प्रामाणिकपणे सांगितलं, "दार उघडायचं, आत शिरायचं आन् दिसंल त्याला उडवायचं."

मी घाईघाईनं म्हणालो, "इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात, अण्णा."

*

शेवटी नमुना बघायला पुण्याचे साहेब यायचा दिवस उगवला. गेममधला एक दोष आमच्याकडून निघालाच नव्हता. तिसऱ्या दालनात चारही राक्षस एकदम समोर आले की चित्र जागच्या जागी थिजायचं. कुठलंही बटण दाबा, कन्सोल ढिम्म. बंद करून पहिल्यापासून सुरू करणं एवढाच इलाज. साहेबांना दोन खोल्या खेळवायच्या आणि तिसऱ्या दालनाआधी चहा पुढे करायचा, असं आमचं ठरलं.

साहेब नुकतेच खुर्चीत बसले होते, तेवढ्यात जिन्यावर अण्णा दिसले. हातात सरांचा जेवणाचा डबा. सर गडबडीत तो घरी विसरले होते. अण्णा तो द्यायला कॉलेजात गेले, आणि तिथल्या शिपायानं त्यांना गिरणीचा पत्ता दिला!

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांच्याकडे बघवेना. साहेबांना वाटलं, हे आमचे चेअरमन. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली. अण्णा बसले आणि त्यांनी डबा मांडीवर ठेवला.

साहेब दोन खोल्या खेळले. वेग बघून खूश झाले. मी चहा पुढे केला. तो घेताना त्यांनी आदरानं कन्सोल अण्णांच्या हातात दिला आणि स्वतः फॉर्म भरायला घेतला. अण्णांनी कन्सोल दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं एकच बटण दाबून धरलं आणि सरळ तिसऱ्या दालनात शिरले. चार राक्षस समोर आले आणि चित्र थिजलं.

अण्णांनी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, दत्ताकडे पाहिलं आणि शेवटी सरांकडे. सर भिंतीला टेकले होते.

साहेबांनी फॉर्ममध्ये बघत विचारलं, "गेम मधेच थांबवायची सोय आहे ना? तेवढं बघायचं राहिलं."

"आहे की," अण्णा म्हणाले. "मी आत्ताच थांबवलाय."

त्यांनी स्क्रीन साहेबांसमोर धरला. चारही राक्षस तसूभर हलत नव्हते. वा, एकदम स्थिर आहे, म्हणत साहेबांनी बरोबरची खूण केली. ते कन्सोल घ्यायला हात पुढे करणार, तोच अण्णांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि मांडीवरचा डबा उघडला. लांबून आलात, आधी दोन घास खाऊन घ्या, म्हणाले. साहेबांनी मेथीची भाजी आणि भाकरी खाल्ली, फॉर्मवर सही केली आणि दत्ता त्यांना स्टँडवर सोडायला गेला.

सर अण्णांसमोर मान खाली घालून उभे राहिले. "अण्णा, मी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

अण्णांनी खिशातून कन्सोल काढला. राक्षस अजून तसेच उभे होते. त्यांनी चष्मा वर करून ते नीट पाहिले आणि हळू आवाजात विचारलं, "हे रोजच असं होतं, का फक्त तपासणीच्या दिवशी?"