शाळेनं मला स्कॅव्हेंजर केलं

ये गं, इकडं ये, अशी जवळ बस. आणि तो फोन पालथा ठेव आधी, दर मिनिटाला उजळतोय मेला. मी रागावलेय तुझ्यावर. स्वल्पच, पण रागावलेय. तुझ्या ऑफिसात सगळ्यांसमोर कुणीतरी तुला म्हणालं, "तुझं बरंय, तू कोट्यातनं आलीस," आणि तू हसलीस. वर मला सांगतेस, "चालतंय गं मावशी, चेष्टा होती." चेष्टा होती तर मग मला तासभर सांगत का बसलीस? जे खरंच चालतं ते माणूस असं तासभर सांगत नाही.

माझं एक ऐक. तुझ्या आईलासुद्धा मी हे सगळं सांगितलेलं नाही.

शनिवारची सकाळ. बसवनगुडीतली एक इंग्रजी शाळा, लहान पोरांची. नव्वदच्या पुढची वर्षं, माझी रेणू नऊ वर्षांची. हॉलच्या भिंतीवर मोठा पांढरा तक्ता. तक्त्यावर कावळा, गिधाड, तरस, डुक्कर. तक्त्याला लागून लाकडी स्टूल. स्टुलावर मी उभी. अंगावर दिवाळीची हिरवी साडी, हातात खराटा, गळ्यात दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर इंग्रजीत एकच शब्द. पालक रांगेनं येत होते, आधी चित्रं बघत होते, मग मला बघत होते. एका बापानं कॅमेरा काढला. मी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि हसले.

हसले गं. आयुष्यात शिव्या खाल्ल्यात मी, पोटभर खाल्ल्यात. त्या विसरले. ते हसू काही विसरता येत नाही.

त्या शाळेत मी सहा वर्षं आया होते. नाव नव्हतंच मला. पोरं म्हणायची आया, मिस म्हणायच्या आया, पोरांच्या आयासुद्धा मला आयाच म्हणायच्या. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, पहिलीतल्या कुणी चड्डीत केलं तर त्याला धुऊन पुसून परत वर्गात बसवायचं. त्याच्या बदल्यात पगार थोडा, पण रेणूची फी माफ. त्या फीसाठी मी काहीही ऐकून घ्यायची. आमच्या केरीतली, म्हणजे आमच्या वस्तीतली, इंग्रजी शाळेत जाणारी ती पहिली पोर. बूट-मोजे घालून निघाली की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून बघत राहायच्या.

त्या वर्षी शाळेत विज्ञान सप्ताह होता. विषय प्राणी आणि जंगल. सोमवारपासून नुसती धांदल. कुणी ससे आणले, कुणी कासव आणलं, कुणी काचेच्या बरणीत मासे. आणले पोरांनी, सांभाळले मी. सशांच्या लेंड्या मी काढल्या, माशांचं पाणी मी बदललं. कासव दोनदा गटारात गेलं, दोन्ही वेळा मीच काढलं बाहेर. पण त्यात मला आनंद होता, खोटं कशाला बोलू? जनावरांचं मला कळतं. माझे आजोबा आनेकलकडच्या एका गावात मेलेली गुरं ओढून न्यायचे. लहानपणी मी त्यांच्यामागं मागं फिरलेली पोर.

चौथीच्या सुमा मिसनी पोरांना प्राणी वाटून दिले. रेणूला मोर व्हायचं होतं. तिनं चिकपेटाच्या कापडबाजारातून चमकीचे तुकडे वेचून आणून दोन दिवस पिसं केली होती. मिस म्हणाल्या, "मोराला उजळ पोर लागते." रेणू झाली कावळा. फीमाफीतली अजून तीन पोरं होती वर्गात. एक डुक्कर, एक तरस, एक गिधाड. सिंह, हरीण, मोर कुणाच्या वाट्याला गेले ते मी सांगायला नको. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी रेणूला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "कावळा तर कावळा. पितरं असतात ती."

बुधवारी मिसनी मला हाक मारली. म्हणाल्या, शनिवारी हा पुठ्ठा गळ्यात घालून तक्त्याजवळ तुला उभं राहायचंय. "स्वल्प निंत्को, अष्टे साकु." जरा उभी राहा, तेवढं पुरे. आता कन्नडात कुणाला मान द्यायचा तर निंत्कोळ्ळि म्हणतात. निंत्को म्हणजे एकेरी. कामवालीला तसं म्हणतात, नाहीतर आपल्या लाडक्या माणसाला. मी स्वतःला लाडक्यांत धरलं.

मी विचारलं, "पुठ्ठ्यावर काय लिहिलंय, मिस?"

"स्कॅव्हेंजर. निन्न केलसद हेसरु." तुझ्या कामाचं नाव आहे.

मला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान होते ना. मी विचार केला, मॅनेजर. मेजर. ज्याच्या शेवटी जर लागतो तो माणूस मोठाच असणार. माझ्या कामाला इंग्रजीत एवढं भारदस्त नाव आहे आणि सहा वर्षांत मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

संध्याकाळी नळावर घागर लावली आणि सगळ्या बायांना सांगून टाकलं, "मला शाळेनं स्कॅव्हेंजर केलंय."

शेजारची शांताक्का डोळे मोठे करून म्हणाली, "अय्यो! पगार वाढवला काय गं?"

"वाढवतील की. आधी नाव, मग पगार."

"मग आता आमच्याशी बोलशील का नाही? का चिठ्ठी पाठवून भेटायचं?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. रेणू तिथंच उभी होती, नळाच्या खांबाला धरून. पायाशी सांडलेल्या पाण्याकडं बघत होती. मला वाटलं, मोराचं दुःख अजून गेलं नाही पोरीचं.

तर शनिवार. मी स्टुलावर. तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला रेणू, तोंडावर काळ्या कागदाची चोच. एक पहिलीतला पोर बापाचं बोट धरून आला. मी ओळखत होते त्याला, चांगलीच ओळखत होते. कितीदा धुतलाय मी त्याला. त्यानं विचारलं, "अप्पा, स्कॅव्हेंजर अंदरे एनु?" म्हणजे काय?

बाप तक्त्याकडं बघत म्हणाला, "होलसु तिन्नोदु." घाण खाणारं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. जरा चपापला. पोरानंही माझ्याकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग तो बापाच्या पायामागं सरकला.

होलसु हा शब्द तुला नवा असेल. मला नव्हता. आमच्या केरीतल्या बायांवर कुणाला तोंड सोडायचं झालं की पहिला तोच शब्द निघायचा.

मी रेणूकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तेव्हा कळलं. पोरीला माहीत होतं. बुधवारपासून माहीत होतं.

मी स्टुलावरून उतरले. पुठ्ठ्याचा दोरा काढायला हात वर केला तर हेडमिस जवळ येऊन उभ्या. चेहऱ्यावर हसू, कारण पालक बघत होते. हळूच म्हणाल्या, "मगळ सीटु ज्ञापक इरली." मुलीची सीट ध्यानात असू दे.

मी परत चढले.

हो, चढले. तुला काय वाटलं, मी तिथंच फटकारलं असेल? गोष्टीत फटकारतात. मी चढले, खराटा धरला आणि साडेबारापर्यंत उभी राहिले. हसले मात्र नाही.

जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं आम्ही दोघी बसलो. डबा उघडला. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना? सांगितलं का नाहीस?"

"तू नळावर सगळ्यांना सांगितलंस. किती खूश होतीस. मग कसं सांगू?"

"आणि तुला काही वाटलं नाही?"

तिनं चोच कपाळावर सरकवली. भाकरीचा तुकडा मोडला. आणि म्हणाली, "चालतंय गं आई. मी कावळा, तू ते. आपलं असंच असतंय ना."

नऊ वर्षांची पोर. चालतंय.

शाळेनं एवढी वर्षं काय काय शिकवलं असेल तिला, पाढे, गाणी, नद्या. हा शब्द शाळेनं नव्हता शिकवला, मी शिकवला होता. संडासाच्या दारात उभी राहून मी रोज म्हणायची तो. मिस ओरडली, चालतंय. शिळं अन्न हातात टाकलं, चालतंय. कप वेगळा ठेवला, चालतंय. मी म्हणत गेले आणि पोर ऐकत गेली. फी माफ होती, पण तिच्या शिक्षणाची किंमत ही अशी जात होती तिच्या आतून. मी डबा बंद केला आणि उठले.

दुपारी बक्षिसं होती. पाहुणे म्हणून कुणी मोठे निवृत्त साहेब. पहिला नंबर सुमा मिसच्या तक्त्याला. टाळ्या. मग माइकवरून माझी हाक झाली, "नम्म आया." आमची आया. मी स्टेजवर गेले. साहेबांच्या हातात लाल प्लास्टिकची बादली, तिच्यात फिनेलची बाटली आणि नवा खराटा, कडीला सोनेरी रिबीन. ते हसून पुढं झाले. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मी हात पुढं केले नाहीत.

एक क्षण त्यांना कळलंच नाही. त्यांनी बादली अजून पुढं केली. मी हात मागं बांधले.   

मी कन्नडात बोलले. तुला मराठीत सांगते, पण शब्द तेच.

"साहेब, तक्ता अर्धाच झालाय. घाण काढणाऱ्याचं चित्र आहे. घाण करणाऱ्याचं कुठाय?"

कुणीतरी खोकलं. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

"माझे आजोबा मेलेली गुरं ओढायचे. तिथं गिधाडं यायची, मी डोळ्यांनी बघितलीत. पोट भरलं की गिधाड पाण्यावर जातं आणि पंख पसरून अंघोळ करतं. स्वतःची घाण दुसऱ्याकडून धुऊन घेत नाही. गिधाडाशेजारी उभं राहायची मला लाज नाही. लाज आहे ती ही बादली घ्यायची."

"आया, केळगे इळी!" हेडमिस ओरडल्या. खाली उतर. ते तर मी उतरणारच होते.

टाळ्या? नाही गं बाई. कुणी वाजवल्या नाहीत. एक मिस रुमालानं चष्मा पुसत राहिली, बाकीच्यांनी जमीन बघितली. मी रेणूचा हात धरला आणि चालायला लागले. फाटकाशी आल्यावर बघते तर तिनं आपली चोच कुठंतरी टाकून दिली होती. मी सांगितलं नव्हतं.

सोमवारी हेडमिसनी ऑफिसात बोलावलं. आता आवाज मऊ. कागद तयार होता, टाइप केलेला. म्हणाल्या, माफीचा आहे, अंगठा दे, सगळं विसरू, रेणूची सीट जशीच्या तशी राहील. शाईची डबी पण उघडून ठेवली होती.

मी म्हटलं, "वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. इंग्रजीत.

मी म्हटलं, "ज्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही तो मी एकदा गळ्यात घातलाय. आता त्याच्याखाली अंगठा देत नाही. पोरीचा दाखला काढा."

दाखला मिळाला. काम गेलं.

मग? मग काय, रेणू कार्पोरेशनच्या कन्नड शाळेत. बूट-मोजे पेटीत. मी चिकपेटात एका साडीच्या गोदामात घड्या घालायला लागले. तिथं गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या बघून बघून अक्षरं ओळखायला शिकले, आधी कन्नड, मग रेणूच्या हिंदीच्या पुस्तकातनं ही आपली बाळबोध. चौतिसाव्या वर्षी. त्या अंगठ्याला परत शाई लागू दिली नाही मी.

पण सगळं छान झालं असं सांगू नकोस कुणाला. रेणू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज ती एका दवाखान्यात रक्त तपासते, बरं चाललंय, पण मनात ठेवून आहे. मागच्याच महिन्यात म्हणाली, "आई, त्या दिवशी तू तोंड बंद ठेवलं असतंस तर मी आज एसीच्या ऑफिसात बसले असते. एका बादलीपायी माझं इंग्रजी गेलं."

मी म्हटलं, "गेलं खरं."

"मग? वाईट वाटत नाही तुला?"

"वाटतं. रोज वाटतं. पण परत तीच वेळ आली तर परत बोलेन. आणि ह्या खेपेला सकाळीच बोलेन. साडेबारापर्यंत त्या स्टुलावर उभी राहणार नाही."

तिला ते पटलेलं नाही. मला तिचं पटत नाही. आम्ही दोघी ह्यावर अजून भांडतो, जेवताना भांडतो, भाजी निवडताना भांडतो. तेवढं तिला आता येतं, माझ्या तोंडावर बोलायला. मला ते हवंच होतं.

चल, ऊठ, तुझी शेवटची बस चुकायची नाहीतर. आणि लवकर ये. ह्या रविवारीच ये, रेणू घरी असते. भाकरी करते मी. तू मधे पडू नकोस, नुसती बस आणि आमचं भांडण ऐक. येशील ना? वाट बघायला लावू नकोस हं.