पडद्यावरच्या विधवेसाठी

आमचे आबा एका इंग्रज प्रधानासाठी रडले होते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पोटच्या लेकीसाठी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे मी सांगते.

लढाईचे दिवस होते. ताई ऐन विशीतली. नवरा तापानं गेला, म्हणून माहेरी आलेली. भिवपुरीच्या पॉवरहाऊसात तारांवर काम करणाऱ्या एका बिजवरानं तिला मागणी घातली होती. माणूस जातीतलाच, निर्व्यसनी, आणि ताईच्याही मनात भरलेला. विधवेचा पाट लावायची चाल आमच्यात पूर्वीपासून होती. आबांची स्वतःची आईच पाटाची! पण आबांना गावकीत मान मिळाला आणि एकाएकी ती चाल हलकी ठरली. मागणीचा निरोप आईपर्यंत आला आणि तिथंच अडला. आबांपुढं ब्र काढायची तिची छाती नव्हती.

अशात पॉवरहाऊसच्या क्वार्टर्सपाशी सिनेमाची सरकारी गाडी आली. मैदानात दोन बांबूंना पडदा बांधला. पुढं पुरुष बसले, पडद्यामागं आम्ही बायका. मागून सगळं उलटं दिसायचं. प्रधान डाव्या हातानं लिहायचा, तलवार उजव्या कमरेला. पण डोळ्यांतून पाणी यायला उलटं काय नि सुलटं काय!

गोष्ट इंग्रजांच्या कुण्या जुन्या प्रधानाची. मित्राच्या विधवेवर त्याचा जीव जडतो, मोठमोठे लोक नाकं मुरडतात, खुर्ची जाईल म्हणून त्याला भेडसावतात. एक मास्तर कर्ण्यातून मराठीत समजावून सांगत होते. "आता प्रधानसाहेब बाईंना म्हणतात, माझी खुर्ची गेली तरी बेहत्तर, पण लग्न करीन तर तुमच्याशीच!" पुरुषांकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्याकडं पदर डोळ्यांना लागले.

तेवढ्यात रीळ बदलायला बत्ती लावली. ताईनं पडद्याच्या कडेनं पलीकडं डोकावलं, पाठोपाठ मीही. आबा उपरण्यानं डोळे पुसत होते आणि शेजारच्याला म्हणत होते, "काय लोक हायत रं! बिचारीला सुखानं जगू देत नाय."

ताईनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"आबा रडले गं," ती म्हणाली. "आता माझी मीच बोलते."

सकाळी आबा भाकरी खायला बसले तेव्हा ती बोलली. मान खाली, पण सगळं एका दमात. शेवटी म्हणाली, "कालच्या त्या बाईसारखंच हाय माझं, आबा."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ती साहेबाची बाई. त्यांच्यात चालतं," ते म्हणाले. "आपल्याला भावकीत तोंड दाखवायचं हाय." आणि बाहेर गड्याला हाक मारली, "गाडी जुंप रं!"

त्याच दिवशी ताईला कुंभिवलीला सासरी पोचवलं, दिराच्या घरी शेणगोठा करायला. पॉवरहाऊसातल्या त्या माणसानं थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरीकडं लग्न केलं. त्याला तरी काय बोल लावायचा?

आणि आबांना तो मेला सिनेमा तोंडपाठ झाला. लढाई संपली, इंग्रज गेले, झेंडा बदलला, पण ओसरीवर पाहुणा टेकला की आबांचा प्रधान हजर! दर वेळी त्याच जागी उपरणं डोळ्यांना लागायचं. पाहुणे म्हणायचे, केवढं हळवं मन! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एका दिवाळीला ताई चार दिवस आली होती. वाळली होती, हातांना भेगा पडल्या होत्या. ओसरीवर पाहुण्यांना ती चहा देत होती आणि आबांनी गोष्ट काढली. खुर्ची गेली तरी बेहत्तर, इथपर्यंत आले, उपरणं डोळ्यांना लावलं, आणि म्हातारपणानं पुढचं काही आठवेना. त्यांनी ताईकडंच वळून विचारलं, "अगं, तू होतीस की तिथं. मग ती बाई काय म्हनली गं त्याला?"

ताईनं हातातली बशी त्यांच्यापुढं ठेवली.

"हो म्हनली, आबा," ती म्हणाली. "तिला बाप नव्हता."