चूल नसलेल्यांचं धान्य

नसीमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. त्यांचे पती हमीदभाई एवढंच म्हणाले, "सुटली बिचारी." रांग हलली, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी गाडी पुढे घ्यायचं मला सुचेना.

पुरवठा खात्यात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. मागे सीमेवर लढाई पेटली, तेव्हा वाहतूक बंद पडली तर तालुक्याला धान्य कसं पुरवणार, याचा आराखडा वरून मागवला गेला. बैठकीत गोदामं, ट्रक, रेशन दुकानं असं सगळं जुळवून झालं. ताई तेव्हाही आजारीच होत्या. औषधांमुळे बसल्याबसल्या डोळे मिटायचे. झोप लागली असेल, असं मला वाटलं... तेवढ्यात त्या म्हणाल्या, "साहेब, खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांकडे चूल कुठंय? गहू देऊन ते काय करतील?"

साहेब वाईट नव्हते, पण पार दमले होते. बीड-लातूरकडून आलेल्या या माणसांची रेशनकार्डं गावी, जेवण खाणावळीत. ती आपल्या आराखड्यात बसत नाहीत, असं सांगून ते पुढच्या विषयाकडे वळले.

त्याच आठवड्यात माल येणं बंद होणार अशी अफवा उठली. दुकानांतलं पीठ, तेल संपलं. गॅस मिळेना म्हणून खाणावळी बंद पडू लागल्या. शिफ्ट सुटलेले कामगार बंद शटरपुढे नुसते उभे असत. ताई मला घेऊन एका कंपनीत गेल्या. कँटीनमधून बाहेरच्या कामगारांनाही जेवण द्या, एवढंच त्यांचं मागणं. मॅनेजर नियम सांगत राहिला. ताई भांडल्या नाहीत. दम लागला म्हणून गेटजवळच्या बाकावर बसल्या आणि तिथून हलल्याच नाहीत. शेवटी तोच बाहेर आला. "मॅडम, तुमची तब्येत बरी नाही. घरी जा."

"जाते. पण उद्या तुमच्या मशीनवर उपाशी माणूस उभा राहिला, तर त्याचं कुणी बघायचं, तेवढं सांगा."

मग त्याने कुणाला तरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी कँटीन उघडलं; ते पाहून आणखी काही कंपन्यांनी उघडलं. साहेबांनीही या कँटीनसाठी गोदामातलं धान्य निमूटपणे सोडलं.

लढाई लवकरच थांबली आणि आराखडा कपाटात गेला. त्यात कँटीनचा भाग घालायचा राहूनच गेला. ताईंनी काही दिवस पाठपुरावा केला, मग तोही सोडला. "दमले रे आता," म्हणायच्या.

परवा चिंचवडला हमीदभाईंकडे गेलो. चहा ठेवला, तर डब्यात साखर नव्हती. ओशाळून ते सांगू लागले. अफवांच्या त्या दिवसांत शेजारीपाजारी पोती भरत होते, म्हणून तेही ताईंना म्हणाले होते, आपणही थोडं घेऊन ठेवू. त्यावर ताई म्हणाल्या, "मी घरात साठवलं, तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगू, साठवू नका म्हणून?" तेव्हापासून घरात लागेल तेवढंच यायचं.

चप्पल घालून ते खाली उतरले आणि पाव किलो साखर घेऊन आले. "एकट्याला एवढीही जास्त होते," ते म्हणाले, आणि डब्यात ओतू लागले.