तांडेलकाकांचं मोकळं घर

तांडेलकाकांचं घर बघायला आत जावं लागत नसे. उंबऱ्यापाशी उभं राहिलं की सगळं दिसे. सारवलेली जमीन, खुंटीवर एक सदरा, कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली चटई, चुलीपाशी लागतील तेवढीच भांडी, आणि मागच्या दारातून समुद्र. तिथं काका, काकी आणि त्यांची चंद्रा अशी तीन माणसं राहतात, हे नवख्याला पटत नसे. एकदा एका परगावच्या माणसानं दारातून डोकावून आम्हाला विचारलं, "हे लोक घर सोडून गेले काय हो?" काकी तेव्हा मागच्या दाराबाहेर तांदूळ निवडत होत्या.

काकांनी उभी हयात गलबतांवर काढली. खलाशी म्हणून चढले, आणि खलाशांचे मुकादम, म्हणजे तांडेल, होऊन उतरले. गलबतावर माणसाच्या वाट्याला एक पेटी आणि अंग टाकण्यापुरती फळी. रत्नागिरीच्या जमिनीवर कायमचे राहायला आले तरी त्यांनी तो शिरस्ता मोडला नाही. "जे बांधून ठेवता येत नाय, ते दर्यानं आधीच घेतलंन समजायचं," असं ते म्हणत. घरात नवी वस्तू आली की जुनी कुणाला तरी देऊन टाकत. काकी कुरकुरत, "एक दिवस मलाच देऊन टाकतील." त्यावर काका गंभीरपणे म्हणत, "तुला बांधून ठेवलंय गो मी."

ते कामावरून उतरले तेव्हा गलबताच्या शेठनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. चार दिवसांत ते घड्याळ घेऊन काका आमच्या ओटीवर हजर. "ह्याला चावी मी द्यायची, पुसायचं मी. म्हणजे हे तांडेल आणि मी खलाशी! तुमच्याकडे लावा. वाजलं की मला ऐकू येईलच." आमच्या भिंतीवरच्या टोल्यांवर मग ते आपल्या घरात चहा घेत.

आमचं घर कुंपणापलीकडे. माळ्यावर मोडक्या छत्र्या, तळ गेलेली पातेली, झिजलेल्या खडावा. आई कशालाच हात लावू देत नसे. "असू दे, लागेल कधीतरी." काका म्हणत, "वयनी, तो 'कधीतरी' अजून जन्माला यायचाय." कचेरीतून आल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन भुईवर बसे. नजरेला कुठंच काही अडत नसे. दिवसभराचं डोक्यातलं ओझंही तिथं उतरे. तरी त्या घराची मला कीव येत असे. एवढा भला माणूस, आणि घरात दाखवायला काही नाही! माझ्या मनातली ही कीव चंद्राला भोवली, ते सांगायलाच हवं.

दाभोळच्या एका घराण्यातून चंद्राला बघायला यायचं ठरलं. मुलगा मुंबईत गोदीत नोकरीला, आणि वडील गलबतं चालवलेले. काका त्यांना आणायला सकाळीच बंदरावर गेले. इकडे आई आणि काकींनी कुजबुज केली, आणि मी आमच्या घरची फळी नेऊन काकांच्या भिंतीला ठोकली. आमच्या तांब्या-पितळेच्या कळश्या, घंगाळं, डबे सगळं तिच्यावर ओळीनं मांडलं. घर झळकू लागलं. मला त्या वेळी फार पुण्य केल्यासारखं वाटलं.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी पाय धुवायला दारात भरून ठेवलेली त्यातलीच एक कळशी वाकवली आणि तिच्या काठाखाली घातलेलं नाव मोठ्यानं वाचलं. माझ्या आजोबांचं नाव. लहानपणापासून ते नाव मी रोज बघत आलो होतो, पण फळीवर भांडी मांडताना एकदाही मनात आलं नाही.

"हे कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

काकांनी कळशी बघितली, मग फळी बघितली. शुभकार्याला शेजारची भांडी आणलीत, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. कोण आणत नाही? पण काका म्हणाले, "ह्यातलं काय माझं नाय. जरा थांबा, माझं घर दाखवतो." आणि पाहुण्यांसमोर एकेक भांडं उचलून त्यांनी आमच्या ओटीवर नेऊन ठेवलं. शेवटी फळीही काढली. मग चटई पसरून म्हणाले, "आता बसा."

मुलाच्या आईनं सगळ्यांना ऐकू येईल अशा बेतानं नवऱ्याला म्हटलं, "दोन तांबे धड नायत, ती पोर संसार काय करणार?"

"रिकामं घर असू दे गो," तो गृहस्थ म्हणाला. "पण लपवलंनी, ते बरं नाय."

नकार आला. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन आईला म्हणाले, "वयनी, तुम्ही मायेनं दिलंत. माया ठेवून घेतो, भांडी तेवढी आत घ्या." पुढं चंद्राचं जयगडला लग्न झालं, पण मध्ये बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत पाणवठ्यावर बायका तिला काय काय म्हणत, ते माझी बायको मला सांगे.

काकी गेल्या, मागोमाग काकाही गेले. दिवसकार्य झाल्यावर चंद्रा घर बंद करायला आली. आवरण्यासारखं फारसं काही नव्हतंच. ती केर काढत होती. मी दारात उभा राहून कसंबसं म्हटलं, "चंद्रा, त्या दिवशी ती भांडी मी आणली. तुझं नुकसान झालं."

ती झाडू टेकून उभी राहिली. "दादा, खरं सांगू? बाबा पाहुणे घेऊन येईस्तोवर मी त्या फळीसमोरून हलले नव्हते. काय चकाकत होती! तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात अशीच मांडायची."

"मग?"

"मग काय! चार फळ्या भरल्यात. घासायला मीच." ती हसली. मागच्या दारातून वारा येत होता. केर भरून झाला, कुलूप माझ्या हातात होतं, तरी ती बाहेर येईना. मोकळ्या जमिनीच्या मधोमध ती पाय पसरून बसली.

"बैलगाडी खोळंबलीय," मी म्हटलं.

"खोळंबू दे. थोडा वेळ बसते," ती म्हणाली. "माझ्या घरात असं बसायला जागाच नाय."